एस्पेरांतोला व्याकरण नाही?

‘एस्पेरांतो ही बनवलेली भाषा, तिला व्याकरणच नाही, शब्द पाठ करा आणि आपल्या वाक्यात एकेक बसवा,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. पटण्याजोगं आहे, कारण 1887 मध्ये ती मांडली गेली तेव्हा मूळ नियम अवघे 16 होते. पण थोडे नियम म्हणजे शून्य नियम नव्हे.

पडताळायला नकार घ्या. ‘वी दोर्मास’ म्हणजे तू झोपतोस. ‘वी ने दोर्मास’, तू झोपत नाहीस. क्रियापद जसंच्या तसं. (आपल्याकडे नाही, नव्हता, नको, नये असा सगळा गोतावळा!) प्रश्न करायला सुरुवातीला ‘चू’: ‘चू वी दोर्मास?’ आपला ‘का’ शेवटी येतो, हा पुढे.

आता ‘कोणीही आलं नाही’ शब्दाला शब्द लावून बघा. ‘नेनिउ’ म्हणजे ‘कोणीही नाही’, ‘वेनिस’ म्हणजे आलं. मराठी सवयीने ‘नेनिउ ने वेनिस’ म्हणाल, तर अर्थ निघतो ‘न आलेलं कोणी नाही’, म्हणजे सगळेच आले! बरोबर वाक्य नुसतं ‘नेनिउ वेनिस’. दुसरा नकारार्थी शब्द असेल तर ‘ने’ गाळावा, हा त्या सोळांतलाच बारावा नियम.