माध्यमं घडवण्याची परंपरा: घरगुती बैठकीपासून स्टॅन्स्टेड हॉलपर्यंत

फॉक्स बहिणींना कोणी काही शिकवलं नव्हतं. ३१ मार्च १८४८ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल खेड्यात मॅगी आणि केट या दोन मुलींच्या घरात ठकठक ऐकू येऊ लागली. मुलींनी प्रश्न विचारले आणि ठोक्यांनी उत्तरं दिली, असं सांगितलं गेलं. पुढच्याच वर्षी रॉचेस्टरच्या कॉरिंथियन हॉलमध्ये तिकीट लावून याचा जाहीर प्रयोग झाला. मृतांशी संवाद साधता येतो असं मानणारा स्पिरिच्युअ‍ॅलिस्ट पंथ इथून वाढला, आणि मृतांचे निरोप सांगणाऱ्या व्यक्तीला ‘माध्यम’ म्हणू लागले. सुरुवातीला सगळ्यांचा समज एकच होता: ही देणगी जन्मजात असते.

पण थोड्याच वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मृतांशी बोलण्यासाठी घरोघरी बैठका सुरू झाल्या. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एखाद्याचा हात आपोआप लिहू लागे, एखादीची तंद्री लागे. मग प्रश्न उभा राहिला की हे सवयीने वाढवता येतं का? त्याचं व्यवस्थित उत्तर देणाऱ्यांत एमा हार्डिंग ब्रिटन ही बाई मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १८२३ मध्ये लंडनला जन्मलेली ही नटी १८५५ मध्ये अमेरिकेत गेली आणि तंद्रीत व्याख्यानं देणारी माध्यम म्हणून गाजली. बायकांनी सभेत उभं राहून बोलणं ज्या काळात अनेकांना खपत नव्हतं, त्या काळात तिने भरल्या सभा गाजवल्या. बैठकीचे नियमही तिने लिहून काढले. माणसं तीनपेक्षा कमी नकोत, बारापेक्षा जास्त नकोत. कोणी कसं बसावं, खोली कशी असावी, हे सगळं त्यात आलं. १८८७ मध्ये तिने मँचेस्टरहून ‘द टू वर्ल्ड्स’ हे साप्ताहिक सुरू केलं.

फ्रान्समध्ये हेच काम एका शिक्षकाने केलं. अ‍ॅलन कार्डेक हे टोपणनाव. माणूस मूळचा इपोलित रिवाय, स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत शिकलेला. १८६१ मध्ये त्याने माध्यमांसाठी चक्क पाठ्यपुस्तक लिहिलं. ब्राझीलमधल्या केंद्रांत आजही माध्यमांचे वर्ग त्याच्याच शिकवणीवर चालतात आणि माध्यमाने पैसे घ्यायचे नाहीत हा दंडक तिथे पाळला जातो.

इंग्लंड-अमेरिकेत मात्र पैसा होता आणि त्याच्यामागे लबाडीही आली. अंधाऱ्या खोल्या, पडद्याआडून येणाऱ्या आकृत्या आणि मग पकडली जाणारी माध्यमं हे वरचेवर घडू लागलं. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर खुद्द मॅगी फॉक्सने सांगितलं की ते ठोके आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो. पुढच्या वर्षी तिने ही कबुली मागे घेतली, पण जायची ती अब्रू गेली. नियम, परीक्षा, प्रमाणपत्रं यांची ओढ पंथाला लागली, त्यामागे हा घाव मोठा आहे असं मला वाटतं. १८९३ मध्ये अमेरिकेत पंथाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९०१ मध्ये ब्रिटनमध्ये स्पिरिच्युअ‍ॅलिस्ट्स नॅशनल युनियन.

१९२० मध्ये लंडनला हेवॅट मॅकेन्झी यांनी ब्रिटिश कॉलेज ऑफ सायकिक सायन्स काढलं. आयर्लंडची आयलीन गॅरेट तिथे तयार झाली. तंद्रीत तिच्या तोंडून ‘उवानी’ नावाचा कोणी बोलत असे. मॅकेन्झींचं म्हणणं असं की नुसती बाई तयार करून भागत नाही, तिच्यातून बोलणाऱ्यालाही शिस्त लावावी लागते. म्हणून ते उवानीलाच उलटसुलट प्रश्न विचारत, त्याच्याकडून काम करून घेत. हे सगळं सोसूनही गॅरेटने आयुष्यभर स्वतःकडे संशयाने पाहिलं. हे आवाज मृतांचे की माझ्याच मनाचे, हा प्रश्न तिने कधी मिटवला नाही. या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो तिचा.

१९४४ मध्ये हेलन डंकन या माध्यमाला १७३५ च्या चेटूकविरोधी कायद्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पंथाने कायदा बदलण्यासाठी जोर लावला आणि १९५१ मध्ये नवा कायदा आला. आता फसवण्याचा हेतू सिद्ध झाला तरच माध्यम गुन्हेगार ठरणार होतं. प्रामाणिकपणाला असं वजन आल्यावर शिकवण्याची पद्धत पक्की करणं ओघानेच आलं. १९६४ मध्ये पंथातलेच आर्थर फिंडले यांनी इसेक्समधला आपला स्टॅन्स्टेड हॉल हा वाडा युनियनला दिला आणि तिथे निवासी कॉलेज सुरू झालं. पुढे गॉर्डन हिगिन्सन तिथले प्राचार्य झाले. त्यांची आईच माध्यम होती आणि लहानपणी त्यांनी तिच्याच हाताखाली धडे घेतले होते.

प्रशिक्षणाचा गाभा मात्र जुन्या बैठकीचाच राहिला. ठरलेला वार, ठरलेली वेळ, शक्यतो तीच माणसं. प्रार्थना होते, मग बराच वेळ नुसतं शांत बसणं. त्यानंतर शिकाऊ माणूस कोणासमोर तरी उभा राहून सांगू लागतो: वयस्क पुरुष आहे, छातीच्या दुखण्याने गेला, हाताने काम करणारा होता. ऐकणाऱ्याने फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं. आपणहून माहिती पुरवायची नाही. ‘तुमच्यावर त्यांचं प्रेम होतं’ असल्या कोणालाही लागू पडणाऱ्या वाक्यावर शिक्षक थांबवतात आणि विचारतात, यात पुरावा कुठे आहे? या बैठकांत वर्षं जातात. मग चर्चमधल्या नवशिक्यांच्या कार्यक्रमात लोकांसमोर उभं राहायचं आणि पुढे परीक्षकांसमोर. न्यूयॉर्क राज्यातल्या लिली डेल या १८७९ पासूनच्या वसाहतीतही चाचणी दिल्याशिवाय माध्यमाला तिथे व्यवसाय करता येत नाही.

ही शिस्त खरी आहे आणि ती पाळणाऱ्या बहुतेकांचा हेतू स्वच्छ असतो, हे मी मनापासून मानते. तरीही परीक्षक पंथाचेच असतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून नकळत अंदाज बांधला जातो, आणि ‘हो-नाही’च्या नियमाने तो कमी झाला तरी संपत नाही. मृतांशी संवाद होतो हे विज्ञानाने मान्य केलेलं नाही, आणि प्रमाणपत्राने ते सिद्धही होत नाही. दुःखात बुडालेला माणूस समोर बसलेला असतो, तेव्हा हा फरक माध्यमाने स्वतः त्याला सांगायला हवा.

१९५१ चा तो कायदा २००८ मध्ये रद्द झाला. माध्यमांच्या संघटनांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून ब्रिटनमध्ये पैसे घेणाऱ्या माध्यमाला इतर विक्रेत्यांसारखेच ग्राहक संरक्षणाचे नियम लागू आहेत.