गावच्या पाटीवरचा सैनिक कसा शोधायचा: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

रायगड, रत्नागिरी, सातारा या पट्ट्यात फिरताना चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची पाटी बसवलेली दिसते. १९१४-१९१९ या काळात या गावातून इतके जण लढाईवर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. बहुतेक पाट्यांवर नुसता आकडा असतो. काही ठिकाणी गावाने किंवा घरच्यांनी नंतर नावं कोरून घेतली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात पडले आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' कायमचं लागलं.

पाटीवर नाव असलं तरी तेवढ्यावर शोध लागत नाही. एकाच पलटणीत चार-चार 'सखाराम मोरे' असायचे. म्हणून आधी तीन गोष्टी मिळवा: वडिलांचं नाव, पलटण आणि सैनिकाचा नंबर. बरेच जण थेट इंटरनेटवर नाव टाकतात आणि दोन दिवसांत कंटाळून सोडून देतात. सुरुवात घरापासूनच व्हायला हवी.

घरात जुनं मेडल असेल तर त्याचा दर्शनी भाग राहू द्या, ते आडवं धरून त्याची कड बघा. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. १९१४-१५ चा तारा असेल तर हाच मजकूर पाठीमागे सापडतो. आमच्या शेजारच्या घरात असं मेडल देवघरात कुंकवाने माखलेलं होतं. ओल्या फडक्याने हळूच पुसून भिंगाखाली धरलं, तेव्हा शंभर वर्षांनी त्या घराला पणजोबाचा नंबर कळला. पॉलिश मात्र लावू नका, कडेची अक्षरं झिजतात. तळहाताएवढी पितळी रंगाची जाड चकती असेल, तर ती मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मृतिचकती असते. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा किंवा नंबर नसतो.

घरात काहीच नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जा. गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ती जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि वारस नोंदीचे जुने फेरफार, यांच्या नकलेसाठी साध्या कागदावर अर्ज करा. अर्जात गाव, तालुका, अंदाजे साल आणि सैनिकाचं नाव लिहा. आधारकार्डाची प्रत आणि लागेल तो कोर्ट फी स्टॅम्प जोडा. परमुलखात मेलेल्या माणसाची मृत्यूनोंद गावात असेलच असं नाही. फेरफारात मात्र त्याच्या जागी बायकोचं किंवा भावाचं नाव कधी लागलं ते दिसतं, त्यावरून मृत्यूचं साल आवाक्यात येतं. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि त्याच्या सहीसकट जपून ठेवा. पुढे पुरावा म्हणून हाच कागद लागतो.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळाकडे वळा. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या यादीत सुमारे १७ लाख मृत सैनिकांच्या नोंदी आहेत. शोध मोफत आहे आणि तो कुणीही घेऊ शकतो, नातं सिद्ध करावं लागत नाही. फक्त नाव टाकून थांबू नका. 'भारतीय सैन्य' हा पर्याय निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. गोऱ्या कारकुनांनी लक्ष्मणाची आणि विठोबाची स्पेलिंगं मनाला येतील तशी केली आहेत. जिल्हाही त्या काळचाच हवा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता आणि सांगलीचा बराच भाग साताऱ्यात.

पलटणीचे आकडेही बदलले. १९२२ च्या फेररचनेत १०३ मराठा ही पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी. घरात कुणी 'जंगी पलटण' म्हणत असेल तर ती १०३, 'काली पाचवी' म्हणत असेल तर १०५. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाल्या. १११ महार ही १९१७ ला उभी राहिलेली पलटण १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, त्यामुळे पहिल्या युद्धातला माणूस तिच्या दप्तरात शोधू नका.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव बघा. फ्रान्समध्ये पडलेले बहुधा न्यूव्ह शापेलला, इराकमधले बसऱ्याला. बसऱ्याच्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. आपल्या साध्या शिपायांची तिथे फक्त संख्या दिली आणि नावं रजिस्टरात राहिली. हा भेदभाव होता, हे कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केलं. म्हणून भिंतीच्या फोटोत नाव दिसलं नाही तरी धीर सोडू नका, रजिस्टरचं पान मागा. कोकणातले खलाशी मात्र मुंबईत सापडतील. पहिल्या युद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक जणांचं स्मारक मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे.

यादीत नावच नसेल तर समावेशासाठी कमिशनकडे ऑनलाइन विनंती करता येते. त्यासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातला हवा, दुसऱ्या युद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर आजारपणाचा मृत्यूही चालतो. सुटून घरी आल्यावर वारला असेल, तर मृत्यूचं कारण नोकरीशी जोडलेलं होतं हे दाखवावं लागतं. नोकरीचा पुरावा, मृत्यूच्या तारखेचा पुरावा आणि मराठी-मोडी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. अस्सल कागद कधीच पाठवू नका, प्रतीच पाठवा.

सैनिक स्वातंत्र्यानंतरचा असेल तर वाट वेगळी आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या यादीत आधी नाव बघा. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तिथून त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं दप्तर बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तो भारतीय नागरिकालाच करता येतो. फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत. 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. नंबर, हुद्दा, नाव, पलटण लिहून भरतीची तारीख, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढंच मागा. वारस असाल तर नात्याचा दाखला जोडा.