ढोलाच्या पानावरचं नाव : खान्देशातल्या बँडची पार्श्वभूमी

लग्नसराईच्या तोंडावर अमळनेर, पारोळा, एरंडोल, धरणगाव या पट्ट्यात बसस्टँडच्या आसपास फिरलात, तर एखादा गाळा हमखास दिसतो. दारात आडवा ठेवलेला मोठा ढोल, खुंट्यांना सोनेरी झालरीचे लाल कोट, भिंतीला टेकवलेली युफोनियमची रुंद पितळी तोंडं. ढोलाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या ताणलेल्या बाजूवर, रंगानं लिहिलेलं असतं : वर देवाचं नाव, त्याला जोडून ‘ब्रास बँड’, खाली गाव, त्याखाली ‘प्रो.प्रा.’ म्हणून मास्तरांचं नाव आणि मोबाइल नंबर. त्यांची जाहिरात एवढीच.

‘तुमचा आवडता बँड कोणता’ असं आमच्याकडे कुणाला विचारलं, तर तो परदेशातल्या गिटारवाल्यांकडे वळत नाही. आपल्या लग्नात, नाहीतर मोठ्या भावाच्या लग्नात वाजला तो बँड सांगतो. आणि ते नाव पलीकडच्या तालुक्यातल्या माणसानं ऐकलेलंही नसतं. कारण साधं आहे. गोरज मुहूर्ताचं लग्न लावून दुसऱ्या दिवशी सकाळच्या लग्नाला टेम्पो जिथवर पोचेल, तिथवर त्या बँडची कीर्ती. पन्नास-साठ किलोमीटरच्या वर्तुळात एखादा मास्तर देवासारखा असतो आणि त्या वर्तुळाबाहेर कुणीच नसतो. हे असं का झालं, याची मुळं बरीच मागे जातात.

बँड येण्याआधी वाजंत्री होते. सनई, संबळ, डफडं, एकच स्वर धरून ठेवायला ‘सूर’ नावाचं वाद्य. देवळात गुरव, लग्नाकार्यात बहुतेक ठिकाणी मातंग नाहीतर होलार समाजातली माणसं. हे काम वंशपरंपरेनं यायचं आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळायचा. वाजवणं ही कला आहे असं गावाच्या लेखी नव्हतंच. ते गावकीचं एक काम होतं. वाजंत्र्यांशिवाय लग्न लागत नसे, पण वाजंत्री मांडवाच्या कडेला बसत आणि त्यांची पंगत शेवटी. पुढचा सगळा इतिहास या शेवटच्या पंगतीवरून वाचला तर नीट कळतो, असं माझं मत आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खान्देश इंग्रजांकडे आला. दुसऱ्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जनं धुळं हे मुख्य ठाणं केलं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रॅमनं भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावात होतं. कवायत आली की तिच्याबरोबर बिगूल आणि ड्रमचा ठेका येतोच. पण पितळी वाद्यांचा खरा लोंढा आला तो छावण्या आणि संस्थानांतून. संस्थानिकांना गोऱ्या साहेबासारखा आपलाही बँड हवा असे. खान्देशाला लागून असलेल्या बडोद्यात तर राज्यावर होते ते सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे जवळजवळ आमच्याच वेशीवरचे.

वाद्यं बाहेरून आणणं फार महाग होतं. १८८५ मध्ये मेरठला नादिर अली यांची कंपनी सुरू झाली आणि पुढे ट्रम्पेट, युफोनियम देशातच बनू लागले. मेरठची जली कोठी ही पेठ आजही पितळी वाद्यांसाठी ओळखली जाते. भुसावळ जंक्शनमुळे उत्तर हिंदुस्थानाशी आमचा रेल्वेचा संबंध आधीपासून होता. पलटणीतून, संस्थानी बँडमधून सुटलेली माणसं, त्यांच्याकडून शिकलेली माणसं आणि मेरठचा माल, या तिन्हींतून देशभर लग्नाचे बँड उभे राहिले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं त्यावर ‘ब्रास बाजा’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं, २००५ मध्ये.

खान्देशात हे बँड मुख्यतः जुन्या वाजंत्री घरांनीच उचलले. त्याचं कारण वाद्यापेक्षा कोटात जास्त असावं. ज्याचा बाप मांडवाच्या कडेला संबळ घेऊन बसायचा, तो आता खांद्यावर झालरी लावून, डोक्यावर टोपी चढवून नवरदेवाच्या घोड्यापुढे चालू लागला. मोबदला धान्यात नव्हे, रोख. आधी विसार, उरलेले पैसे वरात दारात पोचली की. गावकीच्या कामाचा धंदा झाला, धंद्याला नाव मिळालं आणि ते ढोलाच्या पानावर चढलं. पंगत मात्र बरीच वर्षं शेवटचीच राहिली.

वाद्य बदललं तसं गाणंही. सनईवर जुन्या चाली होत्या, खान्देशच्या कानबाई देवीची गाणी होती. पितळी बँडला हवं होतं ते सिनेमाचं गाणं. टुरिंग टॉकीज यात्रेबरोबर गावोगाव फिरू लागली आणि वरातीत लोक फर्माईश करू लागले. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९५४ च्या ‘नागिन’मध्ये हेमंतकुमारांच्या संगीतातली ती प्रसिद्ध बीन खरी बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लाव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे विजेच्या पेटीनं गारुड्याच्या पुंगीची नक्कल केली आणि आमच्या क्लॅरोनेटवाल्यांनी त्या पेटीची. सत्तर वर्षं झाली, वरातीत तोंडात रुमाल धरून लोळणारा एक काका अजून असतोच.

हे बसवायचं कसं? मास्तर गाणं ऐकायचे. आधी तबकडी, मग रेडिओ, मग ऐंशीच्या दशकात स्वस्त झालेल्या कॅसेटी. सारेगम लिहून काढायचे. अशी एक वही मी पाहिली आहे : शाळेची दोनशे पानी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. गाण्याचे पहिले दोन शब्द, खाली सुरांच्या ओळी, आणि जिथे ट्रम्पेटनं उत्तर द्यायचं तिथे लाल शाईनं फक्त एक ‘ट्र’. गायकाची ओळ क्लॅरोनेटला, तानेचं काम ट्रम्पेटला, खालचा भरणा युफोनियमला. मूळ गाण्यात चाळीस व्हायोलिनं असतील तर त्यांचं करायचं काय, हे ठरवायचं आठ माणसांत आणि चालता चालता. त्यालाच तर संगीत-संयोजन म्हणतात. सिनेमाच्या पाटीवर त्या कामाला नाव मिळतं. इथे ‘मास्तरांनी बसवलं’ एवढंच. एकाच गाण्याची धरणगावची बसवण वेगळी, चोपड्याची वेगळी. कान तयार असलेली म्हातारी माणसं गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की बँड कुठला ते सांगायची.

यातलं जवळजवळ काहीच कुणी ध्वनिमुद्रित केलं नाही. कॅसेट कंपनीला मूळ गाणं असताना त्याची बँडवरची आवृत्ती कशाला हवी होती? लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये थोडं सापडतं, पण फोटोग्राफर वर दुसरंच गाणं चढवून देत. त्यामुळे बँडचा आवाजच पुसला गेला. उत्तम वाजवून नाव न होण्याचं मला हे सर्वांत मोठं कारण वाटतं. मग जात, आणि मग ऋतू.

ऋतूचं गणित असं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात. हातात कापसाचा पैसा असेल तर बँड मोठा, नसेल तर छोटा. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा, चैत्रात धुळ्याची एकवीरा, गावोगावच्या जत्रा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे आणि मे महिन्यात एका दिवसात दोन-तीन लग्नं. मग चातुर्मास लागतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिची मिरवणूक निघते, तेव्हा जरा काम. पुढे गणपती, नवरात्र. मधल्या दिवसांत ट्रम्पेटवाला शेतात निंदणीला, क्लॅरोनेटवाला गवंड्याच्या हाताखाली, कुणी सुरतेला. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खान्देशी माणूस इतका आहे की बदलीवर कामही मिळतं आणि ओळखीच्या लग्नात वाजवायलाही. वर्षातले चार-पाच महिने ज्याला सराव मिळतो, त्यानं नवं काही रचावं ही अपेक्षाच चूक.

मे महिन्यातलं एक लग्न मला पक्कं आठवतं. माझ्या आतेभावाचं, दुपारची वरात. जळगाव-भुसावळचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना पंचेचाळीस अंश म्हणजे काय ते सांगायला नको. ट्रम्पेट वाजवणारा पोरगा दर गाण्यानंतर तोंडाकडची पितळी वाटी ओल्या रुमालात धरत होता, कारण ती ओठांना चटके देत होती. क्लॅरोनेटवाल्यानं पत्ती सुकू नये म्हणून ती जिभेवर धरली होती, त्यामुळे तो कुणाशी बोलत नव्हता. नवरदेवाच्या मित्रांना तेच गाणं पाचव्यांदा हवं होतं. मास्तर हात जोडून म्हणाले, “भो, पोरनं तोंड सुजी गयं. आते ढोलवर नाचा.” आणि खरंच पुढची दहा मिनिटं नुसता ढोल आणि साइड ड्रम. त्या वरातीतला तो सगळ्यात चांगला भाग होता. त्या पथकाचं नाव मी आज विसरलोय, याची मला लाज वाटते.

पितळी बँडच्या खालोखाल बेंजो पार्टी. हे वाद्य आलं जपानहून. १९१२ मध्ये नागोयातल्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ तयार केलं. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे, का कोण जाणे, बेंजो. खऱ्या बॅन्जोशी त्याचं नातं नाही. त्याला तारांचा आवाज पकडणारा पिकअप जोडून भोंग्यातून आवाज काढला की चार माणसांचं काम एकटा करतो. हातगाडीवर जनरेटर, वर बेंजोवाला, बाजूला ढोलक आणि ताशा. ज्यांना पितळी बँड परवडत नसे त्यांची लग्नं यावर निघाली. बँडवाले बेंजोला नाकं मुरडायचे. पुढे त्यांच्यावरही तीच वेळ येणार होती.

यात्रेतला तमाशा हे या कलाकारांचं दुसरं घर. खान्देशात यात्रेच्या दिवशी दुपारी तगतराव निघतो, सजवलेल्या गाड्यावर फडातले कलावंत आणि गावभर मिरवणूक, मग रात्री तमाशा. भिका-भीमा सांगवीकर, आनंदराव महाजन जळगावकर अशी फडांची नावं जिल्हे ओलांडून गेली, कारण फड तंबू घेऊन फिरतो, तिकीट लावतो, नाव पोस्टरवर छापतो. बँडचं तसं नाही. तो नेहमी दुसऱ्याच्या कार्यात वाजतो आणि लग्नपत्रिकेत मामा-काकांची आख्खी रांग छापली तरी बँडचं नाव कुठेच नसतं.

तापी ओलांडून वर सातपुड्याकडे गेलं की चित्र पालटतं. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण गाण्याबजावण्याच्या बाबतीत तो कायमच वेगळा होता. भोपळा आणि बांबूची पावरी, मोठे ढोल, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी, जिथे रात्रभर ढोल थांबत नाही. या मातीतून जो बँड निघाला तो घोड्यापुढे चालत नाही, ट्रकवर उभा असतो. ट्रकच्या हौद्यात साउंडच्या भिंती, वर की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि गायक. खाली शेकडो माणसं हातात हात घालून टिमली नाचतात. गुजरातेतल्या तापी, नर्मदा जिल्ह्यांपासून इकडे तळोदा-नवापूरपर्यंत हा एकच पट्टा आहे. आणि मुख्य फरक असा की इथली गाणी स्वतःची, स्वतःच्या बोलीतली. त्यामुळे बँडला चाहते असतात, लोक बँडच्या तारखा बघून लग्नाची तारीख हलवतात. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल ओळ येत नाही, पण त्यांनाही तिची फारशी गरज पडत नसावी.

मैदानी खान्देशात मात्र आधी डीजे आला. पंधरा-वीस माणसांना जेवण, टेम्पो आणि मजुरी देण्यापेक्षा एका पिकअप गाडीवर साउंडची भिंत उभी करणारे तिघे स्वस्त पडतात, शिवाय त्यांचं तोंड सुजत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा तर डीजेनं कधी मनावरच घेतली नाही. दहाची वेळ मात्र बँडला नेमकी बाधली, कारण जुनी वरात लग्नानंतर, गॅसबत्त्यांच्या उजेडात रात्रीच निघायची. मग कोरोना. २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली. पंचवीस माणसांत अठरा बँडवाले कुठे बसवणार? सलग दोन हंगाम असे हातचे गेले. काहींनी वाद्यं मोडीत काढली. पितळेला वजनावर भाव मिळतो.

त्याच सुमारास अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर उधाण आलं. ज्या बोलीत कॅसेटवाले बहुतेक विनोद काढायचे, त्या बोलीतली गाणी राज्याबाहेरच्या लग्नांत वाजू लागली. इतकी वर्षं आमचा नवरदेव हिंदीवर नाचला. आता अहिराणीवर नाचतो, पण ती चाल वाजवायला पितळी बँड क्वचितच असतो.

जे टिकलेत त्यांनी रूप बदललंय. ट्रॉलीवर गायक, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, पुढे दोन ट्रम्पेट आणि एखादा क्लॅरोनेट. युफोनियम वाजवणारा मिळत नाही, म्हणून ते भिंतीलाच टेकवलेलं. तरी कानबाईच्या विसर्जनाला आणि मारुतीच्या पारावर नवरदेव नेताना काही घरं अजून जुनाच बँड सांगतात, त्यात डीजे चालत नाही म्हणतात. पावसाळ्यात ढोलाचं पान सैल पडतं, फाटतं, नवं चढवावं लागतं. पूर्वी त्यावर पेंटरला बोलावून नाव पुन्हा रंगवून घ्यायचे. आता बरेच जण फ्लेक्सच्या दुकानातून स्टिकर आणून चिकटवतात आणि त्यात मास्तरांच्या नावाच्या आधी मोबाइल नंबर असतो.