स्पिटफायर की हरिकेन : ओळखणाऱ्या नजरेमागचा इतिहास

६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने युद्ध पुकारून जेमतेम तीन दिवस झाले होते. शत्रू आल्याचा खोटा इशारा मिळाला आणि झेपावलेल्या ब्रिटिश स्पिटफायर लढाऊ विमानांनी आपल्याच दोन हरिकेन लढाऊ विमानांना पाडलं. एक तरुण वैमानिक गेला. स्पिटफायरने हवेत टिपलेला पहिला बळी घरचाच होता.

आज इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या एअर शोमध्ये लांबच्या ठिपक्याकडे बघून लोक विमानाचं नाव सांगतात, ती कला अशा चुकांतून शिकावी लागली. १९२५ पासून ब्रिटनमध्ये ऑब्झर्व्हर कोअर, म्हणजे आकाशातल्या विमानांवर नजर ठेवणारी संघटना, होतीच. युद्धात तिच्या स्वयंसेवकांनी विमानांच्या काळ्या छायाकृती समोरून, बाजूने, खालून अशा घोकल्या. १९४१ मध्ये तर निव्वळ विमान ओळखण्याला वाहिलेलं नियतकालिक निघालं.

स्पिटफायर आणि हरिकेन दोन्हींत मर्लिन इंजिन, त्यामुळे आवाजावरून फसायला होतं. चाकं बघावीत. स्पिटफायरची बाहेरच्या बाजूला मुडपतात, हरिकेनची आत, पोटाकडे. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार नि पातळ. हरिकेनचा जाड, पाठीला किंचित पोक.

मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या बाबतीत मात्र आकारावर विसंबू नये. एअर शोमधलं ‘१०९’ पुष्कळदा स्पेनमध्ये बांधलेलं त्याचंच रूप, बुचोन, असतं. मूळ जर्मन इंजिन उलटं बसवलेलं, म्हणून एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला येतात. बुचोनमध्ये मर्लिन आहे, तिथे त्या वर दिसतात. एका चांगल्या फोटोत एवढं सहज कळतं. पण फोटो चांगला हवा! जेटच्या सवयीने शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की नाकावरचा पंखा (प्रोपेलर) गोठतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. १/१२५ च्या आसपास उतरून, विमानासोबत कॅमेरा फिरवत टिपावं. बरेच फोटो हलतील, हलू द्यावेत. पात्यांची ती धूसर चकती आली नाही, तर त्या फोटोत उड्डाणच नाही, असं माझं ठाम मत आहे.

रंगही बोलतात. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळांतून लाल रंगच काढून टाकला. नुसती निळी-पांढरी वर्तुळं दिसली, की ते विमान पूर्वेकडच्या लढाईच्या रंगांत आहे असं समजावं.

भारताशी नातं सांगणारं एक हरिकेन मला फार जवळचं वाटतं : क्रमांक आर ४११८. १९४० ची ब्रिटनची लढाई लढलेलं हे विमान पुढे भारतात आलं आणि युद्धानंतर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी बनारस हिंदू विद्यापीठाला दिलं गेलं. तिथेच ते कित्येक वर्षं उघड्यावर उभं होतं. १९८२ मध्ये पीटर व्हॅशर या इंग्रज गृहस्थांना ते तिथे दिसलं. ते मिळवायला त्यांना जवळपास वीस वर्षं लागली. डिसेंबर २००४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची चाकं पुन्हा आत, पोटाकडे मुडपली.