एका पात्रात दोन चहा

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर उभं राहून यातलं तापीचं पाणी कोणतं, असं लहान पोरानं विचारलं तर मोठ्यांची पंचाईत होते. हतनूर धरणाचा फुगवटा तिथवर येतो, पाणी संथ पसरतं आणि पावसाळ्यात सगळंच गढूळ.

ब्राझीलमधल्या मनौस शहरातून ॲमेझॉनच्या सफरीला निघालेल्या बोटी असाच एक संगम दाखवायला नेतात. तिथे मात्र रेघ ओढल्यासारखं दिसतं. एका अंगाला रिओ निग्रो, कोऱ्या चहासारखी काळपट. दुसऱ्या अंगाला सोलिमोइस, दूध घातलेल्या चहाच्या रंगाची. सुमारे ६ किलोमीटर दोघी शेजारून वाहतात, पण मिसळत नाहीत.

चहाची उपमा नुसती रंगापुरती नाही. निग्रोच्या जंगलात गळलेली पानं पाण्यात मुरतात, त्यातून टॅनिनसारखी द्रव्यं उतरतात. चहापत्तीचंही तेच होतं. हे पाणी आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांत गरीब, म्हणून त्यात डासांच्या अळ्या फारशा तगत नाहीत. (संध्याकाळी डेकवर बसणाऱ्याला याचं मोल कळतं!) सोलिमोइस अँडीज पर्वतातला गाळ घेऊन येते. निग्रो साधारण २८ अंश सेल्सिअसची, ताशी २ किलोमीटरने रेंगाळणारी. सोलिमोइस २२ अंशांच्या आसपास, वेग ताशी ४ ते ६ किलोमीटर, शिवाय गाळामुळे जड. तापमान, वेग, घनता अशा तिन्ही गोष्टींत फरक असल्यावर मिसळायला वेळ लागणारच. बोट रेघ ओलांडताना पाण्यात हात धरला, तर गारवा बदललेला बोटांना समजतो.

मला खरं नवल वाटतं ते पुराचं. मनौसला वर्षभरात पाण्याची पातळी सुमारे १० मीटर वरखाली होते, म्हणजे तीन मजले. पूर टिपेला पोचतो साधारण जूनमध्ये, आपल्याकडे शेतकरी कपाशीसाठी आभाळाकडे बघत असतो तेव्हा. त्या दिवसांत छोटी होडी झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवत नेतात. आपल्याकडे पूर म्हटलं की नासाडी. तिथे झाडं कित्येक महिने पाण्यात उभी राहूनही जगतात, आणि बरीचशी नेमकी पुरातच फळं टाकतात. खाली तांबाकी मासा टपलेला असतो. त्याचे दात पाहिले तर माणसाच्या दाढांची आठवण होते. रबराच्या झाडाचं टणक बी तो त्यांनीच फोडून खातो.