हृदयविकाराची तपासणी आणि टेक्सासचा २०० डॉलरचा कायदा

आजारी माणसाचा खर्च भरणे हे विम्याचे काम आहे, याबद्दल कोणाचे दुमत नसते. पण कसलाही त्रास नसलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायला विमा कंपनीने पैसे द्यावेत का, या प्रश्नाला अमेरिकेत बराच जुना इतिहास आहे. फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीतून वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांवरून धोक्याचा अंदाज बांधण्याची पद्धत रुळली. हा अंदाज मात्र समूहावरून काढलेला असतो. समोर बसलेल्या माणसाच्या रक्तवाहिनीत काय साचले आहे, ते त्यात दिसत नाही. ती उणीव भरून काढणारी रीत हृदयरोगतज्ज्ञ आर्थर ॲगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली: हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेले कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजायचे. या सीटी स्कॅनला इंजेक्शन लागत नाही. काही सेकंद श्वास रोखून धरला की साचलेल्या कॅल्शियमचा आकडा हाती येतो. तो शून्य असला तर दिलासा, ४०० च्या पुढे गेला तर काळजी.

टेक्सास विधिमंडळाने २००९ मध्ये हा खर्च विम्यावर टाकला. ४५ वर्षांवरील पुरुष आणि ५५ वर्षांवरील स्त्रिया यांना, वय ७६ होईपर्यंत, मधुमेह किंवा फ्रेमिंगहॅम गणितानुसार मध्यम वा अधिक धोका असल्यास, पाच वर्षांतून एकदा २०० डॉलरपर्यंतची तपासणी मिळण्याची त्यात तरतूद होती. कॅल्शियम स्कॅन किंवा मानेतील रक्तवाहिन्यांच्या भित्तीची जाडी मोजणारी सोनोग्राफी, यांपैकी एकच. मोठी पळवाट कायद्याबाहेरच होती: स्वतःच्या पैशातून कर्मचाऱ्यांचे दावे भागवणाऱ्या कंपन्यांच्या योजना १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात, आणि त्यांच्यावर राज्याचा विमा कायदा चालत नाही.

२०१० च्या केंद्रीय आरोग्य कायद्यानेही चित्र फारसे बदलले नाही, कारण पुरावा तोलून तपासण्यांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने वरच्या दोन श्रेणींत शिफारस केलेल्या तपासण्याच त्याने मोफत केल्या. कॅल्शियम स्कॅनबाबत २०१८ मध्ये याच समितीने पुरावा अपुरा ठरवला.

तपासणीचे नाव कायद्यात घालण्यातली अडचण तोवर दिसली होती. मानेच्या रक्तवाहिनीच्या भित्तीची जाडी नेहमीच्या तपासणीत मोजू नये, असे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१३ मध्येच सांगितले. टेक्सासच्या कायद्यात मात्र ती चार वर्षांपूर्वीच जाऊन बसली होती. न्यू मेक्सिकोने २०२० मध्ये असाच कायदा केला, तेव्हा त्यात फक्त कॅल्शियम स्कॅन घेतला.