लिटरला २० मिली की ४०? टू-टी ऑइलच्या मापामागची पार्श्वभूमी

खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पाऊस उघडला की गवत कापायचे ब्रश कटर बाहेर निघतात. आधी बांधावरचे गवत, मग भाताची कापणी, मग काजूच्या बागांची साफसफाई. चिकोडी, निपाणी, अथणीकडे तेच मशीन उसाच्या बांधावर चालते, आणि पाठीवरचा पॉवर स्प्रेअर, झाडे तोडायची चेन सॉ यांची इंजिनेही बहुधा त्याच टू-स्ट्रोक जातीची, म्हणजे पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळून चालणारी. या इंजिनांना लिटरभर पेट्रोलमागे किती ऑइल घालायचे, याचे बेळगावच्या दुकानात एक उत्तर मिळते आणि गावच्या मिस्त्रीकडे दुसरे. मशीनच्या टोपणावर तिसराच आकडा असतो. ही सगळी उत्तरे आपापल्या काळात बरोबर होती, म्हणूनच गोंधळ मिटत नाही.

अगदी सुरुवातीला पेट्रोलमध्ये साधे घट्ट इंजिन ऑइल ओतत. तेव्हा माप १६ ला १ (१६ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) किंवा २० ला १ असे. कनेक्टिंग रॉडमध्ये बुशच्या जागी नीडल बेअरिंग आले, ऑइलमध्ये कार्बन धुऊन काढणारी रसायने आली, तसे माप २५, ४० आणि शेवटी ५० ला १ वर उतरले.

सीमाभागात टू-टी ऑइल घरोघरी पोचले ते स्कूटर, लुना, राजदूत आणि म्हैसूरला बनणाऱ्या येझदीमुळे. पंपावर पेट्रोलसोबत सुटे ऑइल मापून मिळे. त्या सुट्या ऑइलात भेसळ चाले आणि धुराने शहरे काळवंडली. दिल्लीसाठी १९९८ मध्ये न्यायालयाने वर्षअखेरीपर्यंत पंपावरच तयार मिश्रण देण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल १९९९ पासून देशभर कमी धुराचे ऑइल सक्तीचे झाले. घट्ट खनिज तेलाचा काही भाग काढून त्या जागी पॉलिआयसोब्युटीन हे कृत्रिम द्रव्य घातले की ऑइल स्वच्छ जळते. कमी धुरामागचे तंत्र एवढेच. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि पंपावरचे टू-टीचे माप दिसेनासे झाले. ब्रश कटर गावोगाव पोचले ते त्यानंतर. गाडीसोबतचे ज्ञान मात्र तसेच राहिले: धूर कमी म्हणजे ऑइल चांगले, आणि डब्यावर ‘टू-टी’ लिहिले असले की झाले.

ब्रश कटरला हे पुरत नाही. गाडीचे इंजिन उतारावर, सिग्नलला श्वास घेते. गवतात घुसलेले मशीन टाकी संपेपर्यंत मिनिटाला सात ते दहा हजार फेऱ्यांवर चालते, तेही झाकणाआड, पंख्याच्या हवेवर आणि कचऱ्याने अर्धवट बुजलेल्या, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्सवर. चेन सॉ याहून जोरात फिरते. अशा इंजिनात रिंगच्या खाचेत कार्बन साचतो का, हा खरा प्रश्न असतो. बाटलीवरची जासोची, म्हणजे ऑइलचा दर्जा सांगणाऱ्या जपानी मानकाची, अक्षरे त्यासाठी पाहायची. एफबीहून एफसी पुढे गेले ते मुख्यतः धूर आणि सायलेन्सर तुंबण्याच्या कसोटीत, एफसीहून एफडी पुढे गेले ते पिस्टन स्वच्छ ठेवण्याच्या कसोटीत. वंगणाच्या कसोटीत तिघांची अट सारखीच आहे. ब्रश कटर आणि चेन सॉसाठी एफडी घ्यावे. ते मिळालेच नाही तर एफसी, त्याखाली उतरू नये.

टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले ऑइल होड्यांच्या इंजिनांसाठी असते. ते महाग असते आणि नितळ दिसते, म्हणून चांगले वाटते. पण ती इंजिने पाण्याने थंड होतात आणि या ऑइलात धातूयुक्त डिटर्जंट मुद्दाम टाळलेले असते. हवेवर थंड होणाऱ्या तापट सिलिंडरमध्ये ते रिंग मोकळी ठेवू शकत नाही. ट्रॅक्टर-मोटारसायकलचे २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल तर घालूच नये. ते जळले की मागे राख राहते. ती प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते.

आता वादाचा मुद्दा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, ४० ला १ म्हणजे २५, आणि २५ ला १ म्हणजे ४० मिली. यातला २५ ला १ हा आकडा इतका टिकला त्याची दोन कारणे आहेत. एका नामांकित जर्मन करवत कंपनीच्या पुस्तिकेत बरीच वर्षे असे छापलेले असे की आमचे ऑइल असेल तर ५० ला १, दुसरे कुठले असेल तर २५ ला १. दुसऱ्याच्या ऑइलची हमी कंपनी देऊ शकत नव्हती, म्हणून ते सुरक्षेचे माप होते. पुढे ४३ आणि ५२ सीसीची चिनी बनावटीची मशीन स्वस्तात आली. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राच्या सवलतीतून आणि आठवडी बाजाराच्या गावांतल्या दुकानांतून ती पसरली. त्यांच्या टोपणावर २५ ला १ लिहिलेले असते, कारण विकत घेणारा कुठले ऑइल घालेल याचा बनवणाऱ्याला भरवसा नाही. म्हणजे हा आकडा लिहिताना निकृष्ट ऑइल गृहीत धरलेले होते.

मिस्त्री लोक ४० मिलीचा आग्रह धरतात, त्यालाही आधार आहे. त्यांच्याकडे येणारे जाम मशीन बहुतेक वेळा ऑइल कमी पडल्याने किंवा अजिबात न घातल्याने आलेले असते. जास्त ऑइलने इंजिन एका दिवसात मरत नाही. ते हळूहळू मरते. एक्झॉस्ट पोर्टभोवती काळा थर चढतो, सायलेन्सरमधली जाळी बुजते, प्लग ओला राहतो, मशीन जोर धरत नाही आणि शेवटी कार्बनचा तुकडा सुटून पिस्टन ओरबाडतो. हे होईपर्यंत दीड-दोन हंगाम जातात आणि दोष मशीनच्या मेकवर येतो. म्हणून सीलबंद एफडी ऑइल असेल तर ४० मिलीचा आग्रह सोडावा असे आमचे स्पष्ट मत आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत आणि पहिल्या काही टाक्यांना पुस्तिकेतले माप पाळावे, त्यानंतर २५ मिली पुरते. पुस्तिकेत २० मिली लिहिले असेल तरी २५ ने काही बिघडत नाही, आणि घरात दोन मेकची मशीन असतील तर एकच कॅन ठेवता येतो. अशा घरांत चुकीचा कॅन उचलला जाणे हा धोका पाच मिलीच्या फरकापेक्षा मोठा आहे.

माप बाटलीच्या झाकणाने घेऊ नये, झाकणे सारखी नसतात. औषध दुकानातली ५० मिलीची सिरिंज घ्यावी. पाच लिटरला १२५ मिली. आधी निम्मे पेट्रोल, मग सगळे ऑइल, कॅन हलवून मग उरलेले पेट्रोल. टाकीत ओतण्याआधी दर वेळी पुन्हा हलवावे.

हा वाद प्रत्यक्षात किती मोठा आहे, तेही मोजून पाहावे. २० मिलीऐवजी ४० मिली घातले तर मिश्रणातले पेट्रोल दोन टक्क्यांहूनही कमी घटते. गेल्या काही वर्षांत पंपावरचे पेट्रोल याच्या कितीतरी पट बदलले आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

इथेनॉल मिसळण्याचा पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाला त्यांत मनमाड आणि इथून जवळचे मिरज होते. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रण सुरू झालेल्या राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होती. पुढची बरीच वर्षे प्रमाण रेंगाळले. दहा टक्क्यांचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत २० टक्के मिश्रणाच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ पर्यंत तेच नेहमीचे पेट्रोल होऊन बसले. हे इथेनॉल याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही तयार होते आणि त्याचे पैसे उसाच्या बिलाला हातभार लावतात. त्यामुळे इथे त्याच्या दोषांबद्दल बोलले की ऊस उत्पादकाच्या विरोधात बोलल्यासारखे वाटते. तसे नाही. त्याच शेतकऱ्याच्या हातातल्या मशीनचा हा प्रश्न आहे, कारण या मशीनच्या बहुतेक पुस्तिकांत मर्यादा दहा टक्के इथेनॉलची आहे.

एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. नव्या मोटारीत संगणक ते सांभाळतो. ब्रश कटरचा कार्बोरेटर जुन्या पेट्रोलवर बसवलेला असेल तर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडला जातो. चारही बाजूंनी कोरडे ओरखडे असतील तर ऑइलच पोचलेले नव्हते असे समजावे. पातळपणावर उपाय ऑइल वाढवणे नाही, त्याने इंधन उलट घटते. कार्बोरेटरला पूर्ण रेसचे इंधन ठरवणारा एच स्क्रू असेल तर तो डावीकडे अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही निम्मा सोडावा. पूर्ण रेसवर, भार नसताना आवाज किंचित फुटका आला आणि गवतात घातल्यावर साफ झाला की जुळले.

दुसरा घात पाण्याचा. जूनपासून चार महिने खानापूरच्या हवेत अर्धा रिकामा कॅन ठेवला तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी पुरेसे झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाला बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलात राहते, आणि टाकीतली नळी तळातून ओढते. माप बरोबर असूनही मशीन जाम होते ते असे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल साठवणे यासाठीही बंद करावे. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीचाच कॅन वापरावा. दोन राज्यांच्या दरात फरक असला की सीमेवरच्या पंपांवरून कॅन भरभरून नेतात, त्यांनी महिनाभर पुरेल तेवढेच न्यावे.

जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले, असे धरून चालू नये. या इंजिनांना साधे ९१ ऑक्टेन पुरते. पाहायचे ते इथेनॉल. १०० मिलीच्या मोजनळीत ऑइल न घातलेले ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवावे, दहा मिनिटे ठेवावे. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास आला तर दहा टक्के, २८ च्या आसपास आला तर वीस. हे पेट्रोल नंतर मशीनमध्ये ओतू नये.

हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. आत पेट्रोल राहिले तर डायफ्राम कडक होतो, प्रायमर बल्ब चिकट होतो आणि नळी फुगून टाकीच्या भोकाशी हवा ओढू लागते. त्या हवेनेही मिश्रण पातळच होते. नळी आणि फिल्टर दर हंगामाला बदलावेत. नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची मागून घ्यावी, साधी पारदर्शक प्लास्टिकची काही महिन्यांत ताठ होऊन तडकते.